कुणाच्या नावावर?

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात त्या घाटासाठी. मागून बँकर इंजिनं जोडली जातात, तेवढ्यात खिडकीतून वडे आत येतात, हलकासा धक्का बसतो आणि गाडी पळसदरी मागे टाकून बोरघाट चढू लागते. हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इंग्लंडहून आले आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेले. पुढे ते कंत्राट त्यांच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेल यांनी, चालवलं. प्रत्यक्ष बांधकामाची देखरेख ॲडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांकडे होती, पण जबाबदारी बाईंची होती. १८६१ च्या सुमारास या घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. डोक्यावर टोपली घेऊन खडी वाहणाऱ्या बायाही त्यांत होत्या. त्यांच्यातल्या एकीचंही नाव कुठल्या कागदावर उरलेलं नाही.

याच घाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाचं मोगली सैन्य तिथं कोंडीत पकडलं. त्या सैन्यात माहूरची रायबागन होती. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर तिनं वतन सांभाळलं होतं, तलवार हातात घेतली होती आणि त्याबद्दल बादशहाकडून तिला हा किताब मिळाला होता. कोंडी झाल्यावर शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला तिनंच दिला, असं परमानंदाच्या 'शिवभारता'त येतं. आपल्याकडे उंबरखिंडीची गोष्ट सांगताना रायबागनचं नाव आवर्जून घेतलं जातं. मात्र ती तिथवर पोचली कशी, हे कुणी विचारत नाही.

तिसरी बाई जपानमधली आहे. शिकोकू बेटावरच्या कोची शहरात कुसुनोसे किता नावाची विधवा राहत होती. नवरा गेल्यावर कुटुंबप्रमुख म्हणून कर तीच भरत होती. १८७८ मध्ये स्थानिक निवडणुकीत ती मत द्यायला गेली, तेव्हा बाई म्हणून तिला परत पाठवण्यात आलं. मत नसेल तर करही भरणार नाही, असं तिनं सरकारला लेखी कळवलं. १८८० मध्ये कोचीतल्या एका पेठेनं आणि शेजारच्या एका गावानं कुटुंबप्रमुख स्त्रियांना मताचा हक्क दिलाही. १८८४ मध्ये टोकियोच्या सरकारनं तो काढून घेतला.

रायबागन, ॲलिस आणि किता या तिघींना अधिकार मिळाला तो नवरा नसताना. तो जिवंत असता तर वतन, कंत्राट आणि कराची पावती त्याच्याच नावावर राहिली असती. स्त्रियांच्या राजकीय हक्कांचा इतिहास आपण सभा, ठराव आणि कायद्यांच्या तारखांनी मोजतो. त्या तारखा महत्त्वाच्याच आहेत. पण कर्जत-खालापूरच्या बाजूनं पाहिलं की मला या सगळ्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो : बाईचा हक्क कुणाच्या नावावर?

जपानमधल्या पहिल्या स्त्रीवादी पिढीची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, आणि ती आपल्या गोष्टीच्या इतकी शेजारी आहे की ती न सांगण्यानं आपलंच नुकसान होतं. किशिदा तोशिको ही विशीतली मुलगी १८८२ पासून लोकहक्कांच्या सभांमधून बोलू लागली. १८८३ मध्ये ओत्सु इथं तिनं 'पेटीत जपलेल्या लेकी' या विषयावर भाषण केलं. मुलीला दागिन्यासारखं पेटीत ठेवणाऱ्या घरांवर तिचा रोख होता. भाषण राजकीय ठरवून पोलिसांनी तिला अटक केली. १८९० मध्ये कायदाच झाला की स्त्रियांनी राजकीय सभेला जायचं नाही आणि राजकीय संघटनेत सामील व्हायचं नाही. १९०० च्या पोलीस कायद्याच्या पाचव्या कलमानं तो आणखी पक्का केला. १८९८ च्या नागरी संहितेनं विवाहित स्त्रीला कायद्याच्या नजरेत जवळजवळ अज्ञान ठरवलं. घरच्या नोंदवहीत कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली तिची नोंद व्हायची.

तोशिको बोलायला उभी राहिली त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती, पुढे ती जन्मठेपेवर आली, आणि वर्तमानपत्रांतून तमाम बाईजातीवर चिखलफेक सुरू झाली होती. ताराबाई त्यावर चिडून उठल्या. पुस्तकावर एवढी टीका झाली की जोतीराव फुल्यांना 'सत्सार'मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्याआधी १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला होता, आणि १८४८ पासून सावित्रीबाई शाळा चालवत होत्या. यातलं काहीही राजकीय हक्कांची मागणी म्हणून ओळखलं गेलं नाही. मला ते तसंच वाटतं. ताराबाईंच्या पुस्तकात मताधिकार हा शब्द नाही, पण न्याय करायला कोण बसलं आहे हा प्रश्न मात्र पानापानावर आहे.

पंडिता रमाबाई १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून निघाल्या आणि जपानमार्गे परतल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं, म्हणजे मुंबईतलं त्यांचं बिऱ्हाड याच बोरघाटातून वर गेलं. १८८९ मध्येच अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक आलं. तिथल्या स्त्रिया संस्था कशा उभारतात, वर्गणी कशी जमवतात, ठराव कसे करतात याचं त्यात इतकं बारीक वर्णन आहे की ते मराठी बायकांना संघटना शिकवण्यासाठीच लिहिलं असावं असं वाटतं. त्या वर्षअखेर मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात रमाबाई, काशीबाई कानिटकर यांच्यासह दहाएक स्त्रिया होत्या. मंडपात बसायला मिळालं, एवढंच तेव्हा घडलं.

जपान आणि महाराष्ट्र यांची थेट गाठ पडली ती महर्षी कर्व्यांच्या टेबलावर. १९०१ मध्ये नारुसे जिंझो यांनी टोकियोत काढलेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये हिंगण्याला ती प्रत्यक्षात आणली. मातृभाषेतून उच्च शिक्षण ही त्यातली मोठी गोष्ट होती. पण त्या विद्यापीठाबरोबर जपानकडून आणखी एक गोष्ट आली : चांगली पत्नी आणि शहाणी आई घडवण्याचा आदर्श. आणि टोकियोच्या ज्या विद्यापीठाकडे कर्वे पाहत होते, तिथूनच १९०६ मध्ये हिरात्सुका रायचो शिकून बाहेर पडली होती. १९११ मध्ये तिनं 'सेइतो' हे बायकांनीच चालवलेलं मासिक काढलं आणि त्या आदर्शालाच हात घातला. कर्व्यांनी संस्था पाहिली, तिच्यातून निघालेली बंडखोर लेक पाहिली नाही. त्यांचं ऋण मोठं आहे, ते मान्य करूनच मी हे म्हणते. ती लेकही आपल्याकडे आली असती तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही.

आता मताधिकाराकडे येऊ. भारतमंत्री माँटेग्यू भारतात आले तेव्हा डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना मद्रासला भेटलं. १९१८ मध्ये मुंबईच्या खास काँग्रेस अधिवेशनानं स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीनं मात्र इथला समाज त्याला तयार नाही असं म्हणून नकार दिला. मग १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या, सभा घेतल्या, खासदारांना भेटल्या. मिठन पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री झाली. शेवटी तोडगा असा निघाला की प्रांतांच्या कायदेमंडळांनी हवं तर ठराव करावा. १९२१ मध्ये आधी मद्रासनं आणि मग मुंबईनं तो केला. मुंबई इलाख्यात यासाठी झालेल्या सभांमध्ये रमाबाई रानडे पुढे होत्या. १९०९ पासून पुण्याचं सेवासदन उभं करणाऱ्या, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी पुण्यातल्या बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या या बाईंनी आयुष्यातली शेवटची काही वर्षं या कामाला दिली. १९२४ मध्ये त्या गेल्या. त्याआधी १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेत निवडून आल्या होत्या.

या तारखा जपानशेजारी ठेवून पाहाव्यात. १९२१ मध्ये मुंबईच्या बाईला कायदेमंडळासाठी मत मिळालं, तेव्हा टोकियोतल्या बाईला राजकीय सभेत बसणंसुद्धा गुन्हा होता. रायचो आणि इचिकावा फुसाए यांच्या संघटनेनं धडपड करून १९२२ मध्ये सभेची तेवढी बंदी उठवून घेतली. १९२५ मध्ये जपाननं सगळ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं आणि बायकांना वगळलं. त्यांना ते डिसेंबर १९४५ मध्ये, युद्धात देश बेचिराख झाल्यावर मिळालं. १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या.

म्हणजे आपण पुढे होतो का? इथं थांबून पाहायला हवं. मुंबईचं कायदेमंडळ गुलाम देशातलं होतं, आणि त्याचे अधिकार तुटपुंजे होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मताला मालमत्तेची अट होती. खेड्यात ठरावीक रकमेचा शेतसारा भरणाऱ्याला मत. ती अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच होती, म्हणून ती न्याय्य दिसत असे. पण सारा बाईच्या नावानं जातच नव्हता. साऱ्या देशात शंभरातल्या एका बाईलाही या कायद्यानं मत मिळालं नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, खोतांच्या जमिनीवर कुळ म्हणून राबणाऱ्या घरांत, तर पुरुषालाच मत नव्हतं. कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी बाईपर्यंत १९२१ ची बातमी पोचलीच नाही, आणि पोचली असती तरी तिच्यासाठी त्यात काही नव्हतं.

१९३५ च्या कायद्यानं ही अट बायकांसाठी सैल केली, पण कशी? ज्याच्याकडे मालमत्ता त्याच्या बायकोला किंवा विधवेला मत. साक्षर बाईलाही मिळालं. साठ लाखांवर स्त्रिया मतदार झाल्या. अखिल भारतीय महिला परिषदेनं आणि इतर संघटनांनी सर्व प्रौढांना सरसकट मत मागितलं होतं. बायको म्हणून मिळणारं मत नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ते ऐकलं गेलं नाही. कितानं विधवा म्हणून जो हक्क मागितला होता, तोच साठ वर्षांनी भारतातल्या बायकांना कायद्यानं दिला गेला.

या प्रश्नावर मराठी माणसांत सर्वांत स्वच्छ भूमिका घेतली ती डॉ. आंबेडकरांनी. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून त्यांनी १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला, आणि एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत असावं असं त्यात मांडलं. मत ही मालकांना द्यायची बक्षिशी नव्हे, दुबळ्याचं ते संरक्षण आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. १९२८ मध्ये कायदेमंडळात ते गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूनं बोलले होते. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९२७ मध्ये, याच जिल्ह्यातल्या महाडला परिषदेसाठी आलेल्या बायकांशी ते स्वतंत्रपणे बोलले. राहणी, मुलींचं शिक्षण, अपमानाच्या खुणा टाकून देणं, असं ते बोलणं होतं. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा हजारो बायका आल्या होत्या. मराठी स्त्रीवादाचा इतिहास लिहिताना हा धागा बरीच वर्षं पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांच्या मागे पडला. तो पुढे आणण्याचं काम दलित स्त्रियांनी स्वतःच केलं.

स्वातंत्र्यानंतर सर्वांना मत मिळालं. आणि मतदारयाद्या करताना एक विचित्र अडचण आली. लाखो बायका आपलं नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', एवढंच त्या सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्पष्ट केलं की अशी नोंद चालणार नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं १९५१-५२ च्या निवडणुकीआधी यादीतून वगळली गेली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. आपल्याकडे चित्र बरं होतं. तरीही हा आकडा मला साऱ्या आढाव्यात सर्वांत बोलका वाटतो. सेन कठोर वागले असं काही जण म्हणतात. मला वाटतं, त्यांनी देशाला योग्य जागी अडवलं.

त्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून सी. डी. देशमुख लोकसभेवर गेले. त्यांच्याशी पुढे विवाह केलेल्या दुर्गाबाई संविधान सभेत होत्या. कुलाब्यातून, म्हणजे नंतरच्या रायगडातून, आजवर एकही स्त्री लोकसभेवर निवडून गेलेली नाही. कर्जत आता मावळ मतदारसंघात आहे, तिथंही नाही. विधानसभेत अलिबागच्या मीनाक्षी पाटील गेल्या, राज्यमंत्री झाल्या. श्रीवर्धनच्या आदिती तटकरे आज महिला व बालविकास खातं सांभाळतात. दोघींचं काम लोकांनी पाहिलं आहे. पण दोघींच्याही आधी वडील राजकारणात होते, ही गोष्ट वगळून हा आढावा पुरा होणार नाही. पूर्वी विधवेसाठी उघडणारं दार आता लेकीसाठी उघडतं. जिच्या घरात कुणीच राजकारणात नाही, तिच्यासाठी ते किती उघडलं हे पाहायला गावपातळीवरच यावं लागतं.

तिथं मात्र मोठा बदल झाला आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, लाखभर बायका जमल्याचं सांगतात. त्यातून बायकांची पूर्ण पॅनेलं उभी राहिली. १९८९ मध्ये जळगावच्या विटनेरला आणि यवतमाळच्या मेटीखेड्याला ती निवडूनही आली. त्याच संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. पंचायत आणि सातबारा यांचं नातं ओळखणारी ती मोहीम होती, म्हणून मला ती आरक्षणाच्या कायद्यांइतकीच मोलाची वाटते. पुढे १९९३ च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, १९९४ मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं, आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या.

याचं फळ आमच्या दोन तालुक्यांत पाहता येतं. २०१६ च्या निवडणुकीत खोपोलीला सुमन औसरमल आणि माथेरानला प्रेरणा सावंत थेट मतदानानं नगराध्यक्ष झाल्या. २०१९ मध्ये कर्जतला सुवर्णा जोशी झाल्या. घाटाखालची दोन्ही गावं आणि डोंगरावरचं माथेरान, तिन्ही ठिकाणी तेव्हा एकाच वेळी बाई नगराध्यक्ष होती. रमाबाई रानड्यांना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं! १९२१ मध्ये त्यांनी मागितलं होतं ते यापेक्षा फार थोडं होतं.

ग्रामपंचायतीत 'सरपंचपती' नावाचा प्रकार आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे. बॅनरवर 'सौ.' लावून तिचा फोटो, शेजारी त्याचा तेवढाच मोठा फोटो. निधी कुठं खर्चायचा हे तो बोलतो, सही ती करते. यावर लोक हसतात आणि आरक्षण फसलं म्हणून मोकळे होतात. मी अशा सभांना बसले आहे, आणि मला तसं वाटत नाही. पहिल्या वर्षी गप्प बसलेली सरपंचबाई तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला हिशेबाची वही मागते, हे मी पाहिलं आहे. महिला राजसत्ता आंदोलनासारख्या संघटनांनी अशा बायकांना ठरावाची भाषा आणि अंदाजपत्रकाचं वाचन शिकवलं. पुरुषालाही हे कुणीतरी शिकवलेलंच असतं. फक्त त्याला ते चावडीवर बसून शिकता येतं.

खरी गाठ पंचायतीच्या बाहेर आहे, जमिनीत. द्रुतगती मार्ग झाल्यापासून या पट्ट्यात जमिनीला जो भाव आला, तो आमच्या आजोबांच्या पिढीला स्वप्नातही खरा वाटला नसता. फार्महाउस, रिसॉर्ट, गृहसंकुलं. विक्रीचा दस्त करायचा म्हणजे साऱ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि तिथं बहिणी आठवतात. लग्न होऊन पनवेलला, वांगणीला, भिवपुरीला गेलेल्या बहिणींना निरोप जातो, जेवण होतं, साडी दिली जाते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. कायदा तिच्या बाजूनं आहे. १९५६ चा वारसा कायदा, हिंदू कोड बिलासाठी आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यानंतर तुकड्या-तुकड्यांनी आलेला. १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती. २००५ ची देशभरची दुरुस्ती. २०२० चा विनीता शर्मा प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्यानं लेकीचा हक्क जन्मापासूनचा ठरवला. इतकं सगळं असून ती सही करते, कारण माहेर तुटेल याची भीती असते. आजारपणात, भांडणात, नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर जायला एकच दार असतं, आणि ते भावाचं असतं. या भीतीला मी दुबळेपणा म्हणणार नाही. तिच्याकडे दुसरं दार नसतं, म्हणून ती हे दार विकत घेते, आपल्या वाट्याची जमीन देऊन.

जमीन नावावर नसली की राजकीय हक्क कसा आटतो, हे रायगडानं अगदी उघडपणे पाहिलं आहे. विशेष आर्थिक क्षेत्राला पेण तालुक्यात विरोध झाला तेव्हा उल्का महाजन, सुरेखा दळवी यांसारख्या कार्यकर्त्या आघाडीवर होत्या, मोर्च्यांत बायका पुढे होत्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. बहुसंख्यांनी नकार दिला. देशात अपूर्व अशी ती घटना होती. पण जमिनीवर कौल घ्यायचा म्हटलं की यादी येते ती सातबाऱ्यावरची, आणि मोर्च्यात पुढे असलेल्या बायकांतल्या किती जणी त्या यादीत असतील याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

जपानमध्ये हाच प्रश्न आडनावाच्या रूपानं उभा आहे. तिथल्या कायद्यानुसार नवरा-बायकोला एकच आडनाव ठेवावं लागतं. कुणाचं, ते त्यांनी ठरवायचं. ठरतं ते जवळजवळ ९५ टक्के वेळा नवऱ्याचं. बायका न्यायालयात गेल्या, २०१५ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. २०२५ च्या ऑक्टोबरात साने ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि वेगळ्या आडनावाच्या मागणीला त्यांचा विरोध आहे. एका बाईला सर्वोच्च पद मिळणं आणि सगळ्यांना आपापलं नाव मिळणं या किती वेगळ्या गोष्टी आहेत! आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं. मला हा निर्णय मनापासून आवडला. त्याच वर्षी लाडकी बहीण योजना आली. महिना १,५०० रुपये, त्या वर्षी दोन कोटींहून अधिक बायकांच्या स्वतःच्या खात्यात. ज्या घरात बाईच्या हातात कधी शंभराची नोट टिकली नव्हती, तिथं या रकमेचं मोल शहरात बसून कळणार नाही. तरी योजनेच्या नावात ती बहीणच आहे. नात्यावाचून तिला हाक मारायला अजून आपल्याकडे शब्द नाही.

शेवटी कातकरी वाडीवर यावं लागतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कर्जत, खालापूर, सुधागडच्या कितीतरी वाड्या अशा आहेत की झोपडी पिढ्यान् पिढ्या उभी आहे आणि तिच्याखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. कधीतरी मालकानं भट्टीसाठी, बांधबंदिस्तीसाठी आणून वसवलेलं हे घर. भाव वाढले की कुंपण येतं, वाट बंद होते. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा कायद्याची ग्रामसभाही इथल्या आदिवासींना नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र एक तरतूद आहे, जी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सरळ तरतूद वाटते : विवाहितांचा दावा मंजूर झाला तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा. तो जिवंत असताना, त्याच्या शेजारी, तिचं नाव. वनहक्क समितीतही एक तृतीयांश बायका असायला हव्यात. बोरघाटात टोपल्या वाहणाऱ्या ज्या बायांचं नाव उरलं नाही, त्यांच्या पणत्यांचं नाव जमिनीच्या सरकारी कागदावर येण्याची ही सोय.

ती वापरली जावी यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो, आणि ठरावासाठी बाई गावात असावी लागते. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वर्षाच्या ठरलेल्या चार ग्रामसभांपैकी २६ जानेवारीची आणि १ मेची त्यांच्या वाटणीला येतच नाहीत. २ ऑक्टोबरला भात कापणीला येऊ लागलेलं असतं, मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, आणि मन पुढच्या हंगामाकडे असतं. उरते ती १५ ऑगस्टची. लावणी उरकलेली असते, सगळी वाडी गावात असते. पंचायत कायद्याप्रमाणे त्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि तिच्या इतिवृत्ताच्या वहीत हजर असलेल्या प्रत्येकीनं आपलं नाव लिहायचं असतं, नाहीतर अंगठा उठवायचा असतो. पाऊस असतो, समाजमंदिराचा पत्रा वाजत असतो, बाया लुगडं पिळून दाराशी बसतात. वही फिरते. अंगणवाडीताई एकेकीला विचारते, आणि कुणी 'बाळूची बायको' म्हटलं की लिहायची थांबते आणि पुन्हा विचारते.